गराजमधला आशिया

बाबा आमच्याकडे ॲरिझोनात, चँडलरला आले ते ऐन उन्हाळ्यात. "ऑक्टोबरनंतर या, इथला उन्हाळा माणसाला भाजून काढतो," असं सांगून मी फोनवर घसा कोरडा केला होता. पण आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, मिरजेच्या घरात त्यांना एकट्याने बसवत नव्हतं, आणि एकदा मनात घेतलं की बाबांना ब्रह्मदेवसुद्धा थांबवू शकत नाही. दोन हजार तीनचा मे महिना संपता संपता ते फिनिक्सच्या विमानतळावर उतरले. बाहेर पडल्यावर झळा अंगावर घेत म्हणाले, "बरं आहे की. घाम तरी येत नाही." मी तिथेच हात टेकले.

त्या वेळी आमच्या घरात एकच बातमी होती आणि ती बाबांना सांगायची नव्हती. ते यायच्या महिनाभर आधी नवऱ्याची नोकरी गेली होती. तो चिप-डिझाइनमधला माणूस. त्या वर्षांत आमच्या भागातल्या कंपन्या माणसं कमी करत सुटल्या होत्या, त्यात त्याचाही नंबर लागला. त्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून, माझा त्याच्यावर, आणि माझ्या व्हिशावर काम करायची परवानगीच नव्हती. लवकर दुसरी कंपनी मिळाली नाही तर घर, मुलीची शाळा, सगळा पसारा आवरून परत जायचं, इतकं ते सरळ होतं. वकिलानेही "जितकं लवकर होईल तितकं बरं" यापलीकडे काही सांगितलं नाही.

यात लपवण्यासारखं काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण नवऱ्याचं एकच पालुपद. "झाकली मूठ सव्वा लाखाची. महाराष्ट्र मंडळात कळलं की लोक रेफर करायलाही कचरतात. आणि बाबांना तर अजिबात नको. ते आत्ता कुठे सावरतायत." तेव्हा हा गृहस्थ रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडायचा. लायब्ररी उघडेपर्यंत कुठल्यातरी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसायचा, मग दिवसभर लायब्ररीत अर्ज पाठवायचा आणि संध्याकाळी परत यायचा. मी त्याला डबा भरून द्यायचे. ज्याला ऑफिसच नाही अशा माणसासाठी रोज पहाटे उठून पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात त्याला, त्याच्या कंपनीला आणि एकूणच अमेरिकेला काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इकडे बाबांना आठवड्यातच इथल्या वर्तमानपत्राचा राग आला. सकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून अंगणात येऊन पडणारा तो जाडजूड गठ्ठा ते मोठ्या आशेने उघडायचे. आत स्विमिंग पूलला कुंपण कसं घालावं, कुठल्या शाळेने बेसबॉलमध्ये कुणाला हरवलं, आणि मग कूपनंच कूपनं. इराकच्या युद्धाच्या बातम्या असायच्या, पण त्या इथल्या सैनिकांच्या. बाकीचा आशिया आतल्या पानावर एका बोटभर चौकटीत. "अर्धं जग राहतं गं तिकडे," बाबा म्हणायचे. "आणि त्यांना एवढीशी जागा? तिकडे कुणी जन्मत नाही, मरत नाही, संपावर जात नाही?" हा प्रश्न मला विचारला जायचा. वर्तमानपत्र मी काढत असल्यासारखा.

त्यांचा राग समजून घ्यायचा तर मिरजेच्या फळ्याविषयी सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वार्ताफलक होता आणि तो बाबा लिहायचे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी, पण सकाळी कचेरीत जाण्याआधी फळा लिहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. वर सुविचार, त्याखाली देशाच्या आणि जगाच्या बातम्या, मग गल्लीच्या. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, कुणाच्या मुलीला बोर्डात किती मार्क पडले, आज पाणी येणार की नाही, कुठल्या दुकानात माणूस हवा आहे. लोक चालता चालता थांबून वाचायचे आणि तिथेच भांडायचे. निवृत्त झाल्यावरही फळा चालू होता. अमेरिकेला येताना तो कुणाकडे सोपवून आलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला, म्हणजे कुणी घेणारं नव्हतं.

मग एका सकाळी मी गराजमध्ये गेले तर दार वर केलेलं, आत भट्टी पेटल्यासारखी हवा, आणि माझ्या मुलीचा चित्रं काढायचा छोटा फळा मधोमध उभा. वर रंगीत अक्षरांची नक्षी आणि सफरचंदाचं चित्र. त्याखाली बाबांच्या वळणदार अक्षरात "आजच्या बातम्या", आणि पुढे सगळं इंग्रजीत, बगदादपासून मनिलापर्यंत.

"आजोबा, दॅट्स माय ईझल," माझी सात वर्षांची मुलगी मागून म्हणाली.

"तुझंच आहे बाळा. मी फक्त दिवसा वापरणार."

"नोबडी विल रीड इट."

"बघू."

लोकांनी वाचलं, हेच तर दुखणं झालं. आमच्या गल्लीच्या सगळ्या टपालपेट्या एकत्र आहेत आणि त्या नेमक्या आमच्या गराजसमोर. दिवसातून एकदा प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे येणारच. अंगणात फलक लावायला गल्लीतल्या घरमालकांच्या असोसिएशनची बंदी होती, म्हणून बाबांनी तो गराजच्या आत, पण पेट्यांवरून वाचता येईल असा ठेवला. असोसिएशनच्या बाई सौजन्याने सांगायला आल्या की गराजचं दार वापर नसताना उघडं ठेवू नये. बाबा म्हणाले, "पण वापर चालू आहे." त्यावर त्यांना काही सुचलं नाही. मला सुचलं असतं.

शेजाऱ्यांची ओळखही बाबांनी पेट्यांपाशीच करून घेतली. आम्ही चार वर्षं ज्यांना नुसता हात हलवत होतो त्यांची नावं, गावं, मुलं, आजार त्यांनी थोड्याच दिवसांत गोळा केले. समोर तैपेईचं कुटुंब. पलीकडे मनिलाची नर्स. कोपऱ्यावर लाहोरचा इंजिनियर, त्याची बायको आणि दोन मुलं. आणखी पुढे शांघायचा एक एकटा राहणारा मुलगा. "अगं, तुमची गल्ली म्हणजे सगळा आशियाच आहे," बाबा मला म्हणाले, "आणि तुम्ही एकमेकांशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलता." म्हणून त्यांनी ठरवलं, फळा आशियाचा. ज्याच्या त्याच्या गावची रोज एक बातमी, आणि त्यातली एक तरी सामाजिक. पाणी, शाळा, हुंडा, स्थलांतर, काहीही, पण माणसांची.

आता या बातम्या आणायच्या कुणी? बाबांना कॉम्प्युटर येत नव्हता. पहाटे पोळ्या झाल्या की मी स्क्रीनपुढे बसायचे आणि बाबा मागे उभे राहून फर्मावायचे. "मनिला बघ. नाही, हे राजकारण झालं. लोकांचं काय चाललंय ते बघ." मुलीला उठवायचं, नवऱ्याला त्याच्या नसलेल्या ऑफिसला धाडायचं आणि मधल्या वेळात संपूर्ण खंडाची खबर ठेवायची. माझ्या अगदी नाकी नऊ आले.

पहिलं भांडण तैपेईवरून झालं. बाबांनी ती बातमी चीनच्या खाली लिहिली. समोरची बाई आली, हसत हसत, फार नम्रपणे म्हणाली की आमच्यासाठी वेगळा रकाना करता येईल का. बाबांनी केला. दुसऱ्या दिवशी शांघायचा मुलगा आला, तोही हसत, तोही नम्रपणे, वेगळा रकाना कशासाठी म्हणून विचारायला. मी बाबांना म्हटलं, पुसा आता हे सगळं, नसती डोकेदुखी. बाबांनी देशांची नावं पुसली आणि नुसती शहरं ठेवली. तैपेई, शांघाय, लाहोर, मनिला, बगदाद, मिरज. बगदादच्या शेजारी मिरज बघून मला हसावं की रडावं कळेना, पण तक्रारी थांबल्या.

मग सार्सची साथ. तैपेईतलं एक हॉस्पिटल बंद केल्याची बातमी बाबांनी लिहिली, आणि गल्लीतल्या आयांनी समोरच्या घरी मुलांना खेळायला पाठवणं बंद केलं. समोरची बाई परत आली, या वेळी न हसता. बाबा फार ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर सगळ्यात वर ठळक लिहिलं, 'दुरुस्ती: आपल्या गल्लीतील तैपेईचं कुटुंब दोन वर्षांत तिकडे गेलेलं नाही, त्यांच्या घरी जाण्यास हरकत नाही.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं कुणी लिहितं का? पण त्या संध्याकाळी माझी मुलगी तिकडे खेळायला गेली आणि मागोमाग आणखी दोघी गेल्या.

कुत्रा फिरवणारा एक गोरा म्हातारा एकदा थांबला आणि वरची अक्षरं कुठल्या भाषेतली म्हणून विचारू लागला. इराकच्या युद्धामुळे घरोघरी झेंडे लावलेले ते दिवस. नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, आपण लो प्रोफाइल राहायला पाहिजे, आणि हे काय चाललंय?" तो आत येऊन मला म्हणाला. म्हातारा ओहायोचा निघाला. माझ्याही गावाचं काहीतरी लिहा, असं त्याचं म्हणणं होतं. बाबांनी त्याला खेदाने सांगितलं की फळा फक्त आशियाचा आहे.

परके लोक परवडले, पण आपले नकोत. एका शनिवारी मंडळातले एक काका-काकू आमच्याकडे जेवायला आले. त्या दिवशी मिरजेच्या रकान्यात हुंड्याची बातमी होती. काकूंनी गाडीतून उतरल्या उतरल्या ती वाचली आणि जेवताना श्रीखंडाच्या वाटीवरून विषय काढला.

"काका, तुमचा उत्साह छानच आहे हो. पण आपल्या देशाचं चांगलं लिहा ना. या लोकांसमोर आपली लक्तरं कशाला टांगायची?"

"लाहोरची आणि मनिलाची टांगतो ती चालतात ना तुम्हाला?"

"ते त्यांचं ते बघतील."

"मग आपलं आपण बघायला नको? वहिनी, बातमी लपवली की तिची अफवा होते. मी फळा लिहितो, जाहिरात नाही करत."

 नवऱ्याने मान खाली घालून श्रीखंड खाल्लं. काकूंचे यजमान त्याला म्हणाले, "बाकी तुझं प्रोजेक्ट कसं चाललंय?" तो म्हणाला, "बिझी आहे एकदम." मी पुऱ्या आणायला आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. आमच्या घरात कुणी खरं बोलत असेल तर तो फक्त एक लाकडी फळा, असं मला त्या क्षणी वाटलं आणि नवऱ्याचा असा संताप आला की पुऱ्या करपल्या.

फळ्यावर सर्वांत जास्त वाद घालणारा लाहोरवाला. तो रोज सकाळी सातला टाय लावून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी पेट्यांपाशी उभा राहून बाबांशी तासभर हुज्जत घालायचा. सिंधूच्या पाण्याचा करार, क्रिकेट, कुठल्या शहरातले आंबे चांगले. तो त्याच्या नितळ उर्दूत आणि बाबा त्यांच्या मिरजेच्या हिंदीत. दोघांनाही त्याशिवाय करमायचं नाही. पण नवरा मात्र त्याला बघितलं की खिडकीचा पडदा ओढून आत निघून जायचा. मला वाटलं, कारगिल अजून याच्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हटलं, माणूस चांगला आहे, दोन शब्द बोलायला काय होतं? तर माझ्यावरच खेकसला, "प्रत्येकाशी बोललंच पाहिजे का?"

जुलै आला. अर्जांना उत्तरं येत नव्हती. नवरा रात्री छताकडे बघत पडायचा आणि सकाळी परत शर्टाची बटणं लावायचा. वकिलाचा फोन आला की बाथरूमचा नळ सोडून बोलायचा, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. मुलीला पुढच्या वर्षी कुठली टीचर मिळणार याची काळजी, आणि मला ती पुढच्या वर्षी कुठल्या देशात असेल याची.

अशातच एका सकाळी बाबांनी मला बातम्या काढायला बोलावलंच नाही. मी पोळ्या उरकल्या, कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गराजमध्ये गेले आणि फळा पाहिला. सगळी शहरं पुसलेली. मध्यभागी मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: 'या घरातील जावयांची नोकरी गेली आहे. चिप-डिझाइनचा दहा वर्षांचा अनुभव. कुठे जागा असल्याचं कुणाला माहीत असेल तर कृपया कळवावं.'

मी आत धावले, सिंकमधलं फडकं उचललं, पिळायचंही सुचलं नाही, आणि तशीच परत आले. पाणी ठिबकत होतं. बाबा फळ्याशेजारी घडीच्या खुर्चीवर बसले होते.

"बाबा, काय केलंत हे? कुणी सांगितलं तुम्हाला? आणि कळलं तर आधी मला विचारायचं नाही? ही काय मिरज आहे? इथे माणसं असलं कुणाला सांगत नाहीत. त्याची काय अवस्था होईल याचा विचार केलात? सगळ्या गल्लीसमोर अब्रू काढलीत त्याची."

 बाबांनी फक्त खुर्ची थोडी मागे सरकवली, मला फळ्यापर्यंत जाता यावं म्हणून.

"मीच सांगितलं लिहायला," नवऱ्याचा आवाज आला. तो गाडीच्या पलीकडे उभा होता. अंगात घरातला टी-शर्ट, दाढी वाढलेली. सातला निघून गेला असेल असं मी धरून चालले होते.

"तू?"

"काल बाबांनी मला विचारलं. सरळच. मग सांगितलं सगळं."

मी बाबांकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, मी आयुष्यभर कचेरीत गेलो," बाबा म्हणाले. "ऑफिसातून आलेला माणूस घरी येऊन साहेबाला शिव्या घालतो. जावईबापू कधीच घालत नाहीत."

मी कपाळावर हात मारला. एवढे महिने मी या माणसाला समजावत होते, हाता-पाया पडत होते, की सांगून टाक, सांगून टाक. माझं नाही ऐकलं. आणि सासऱ्याने एकदा विचारलं तर गल्लीभर जाहीर करायला तयार. "मग मी काय वेड्यासारखी डबे भरत बसले होते?" मी म्हटलं. "मला तरी रात्री सांगायचंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"मी? मी नको म्हणाले असते?" माझा आवाज चढला. पण हातातलं फडकं अजून ठिबकत होतं आणि ते मी कशासाठी आणलं होतं ते तिघांनाही दिसत होतं, त्यामुळे मी पुढे बोलले नाही.

तेवढ्यात लाहोरवाल्याची गाडी कोपऱ्यावरून आली, आमच्या दारापुढे मंदावली आणि थांबली. तो उतरला. टाय लावलेला, चष्म्यावर धूळ. चष्मा पुसून त्याने फळा वाचला. मग परत वाचला. मला वाटलं आता सहानुभूतीची दोन वाक्यं येणार, आणि ती ऐकायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"अंकल," तो हळूच म्हणाला, "एक लाइन हमारी भी लिख दीजिए."

 नवरा गाडीला वळसा घालून पुढे आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही शरमल्यासारखे हसले. तेव्हा मला उमगलं, बाकीचं नवऱ्याने नंतर सांगितलं. दोघं रोज एकाच लायब्ररीत बसत होते. हा खिडकीपाशी, तो मासिकांच्या कपाटामागे. पहिल्या दिवशी नजरानजर झाली तेव्हा दोघांनीही काहीतरी कामासाठी आल्यासारखं केलं, आणि मग रोज एकमेकांकडे पाठ करून बसायचं ठरूनच गेलं, न बोलता. डबा खाताना कुणी आधी बाहेर जायचं तेही. मी दोन घरांच्या पुरुषांवर एकाच वेळी इतकी कधी वैतागले नसेन.

बाबांनी खडू उचलला. मग थांबले. "घर में मालूम है?"

त्याने मान हलवली. नाही.

"किसी को नहीं?"

"अंकल, वो बहुत परेशान हो जाएगी. उसे लगता है नया प्रोजेक्ट है."

बाबांनी खडू खाली ठेवला. "पयले घर में बोलो. फिर इधर लिखेंगा. फळे का येच कायदा है."

 त्याच्या गाडीचं इंजिन चालूच होतं. मग त्याने ते बंद केलं, गाडी आमच्याच दारात सोडली आणि पायी आपल्या घराकडे निघाला. दारापाशी पोहोचल्यावर खिशात किल्ली असूनही त्याने बेल वाजवली.

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण लोक तेच आधी विचारतात. नवऱ्याला सप्टेंबरात टेक्सासमध्ये नोकरी मिळाली, जुन्या ओळखीतून. फळ्यामुळे मिळाली असं म्हणायची सोय नाही. लाहोरवाला बायकामुलांना घेऊन भावाकडे दुसऱ्या राज्यात गेला. मंडळातल्या काकूंना आठवड्याच्या आत कळलं, आणि त्यांनी न सांगता भाजीचे डबे पाठवले ते बाबांना फार आवडले. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही तिघं फळ्यापाशी उभे राहून कोपऱ्यावरच्या त्या बंद दाराकडे बघत होतो. ऊन चढत होतं. बाबांनी आमच्या मजकुराखाली आधीच एक आडवी रेघ मारून ठेवली होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तो नाही, त्याची बायको बाहेर आली. ओढणी कशीतरी डोक्यावर घेतलेली, डोळे लाल, पायात मुलाच्या मोठ्या चपला. माझ्याशी ती आजवर हसण्यापलीकडे बोललेली नव्हती. ती तरातरा आली, फळ्यासमोर उभी राहिली आणि बाबांवर उखडलीच.

"लिखा क्यों नहीं अब तक?"

बाबांनी निमूटपणे खडू घेतला आणि ती सांगेल तसं लिहू लागले. नवऱ्याचं शिक्षण, किती वर्षं, कुठल्या कामात. ती एकेक शब्द तपासत होती. एवढं झाल्यावर ती म्हणाली, "अब मेरा लिखिए. मैं कॉलेज में केमिस्ट्री पढ़ाती थी. वीज़ा की वजह से यहाँ मना है मुझे, मालूम है. फिर भी लिखिए."

बाबांनी लिहिलं. लिहिता लिहिता मागे न वळता ते तिला म्हणाले, "ये हमारी बेटी बँक में वसुली अफसर था. इसको देख के बडा बडा आदमी गल्ली बदलता था."

ती माझ्याकडे वळून बघू लागली. नवराही बघू लागला. मी त्या बँकेचा विषय चार वर्षांत घरात काढला नव्हता. कुणी काढू दिला नव्हता असं नाही. काढून करणार काय?

"तुझं काय?" बाबांनी मला विचारलं. "लिहू?"

"बाबा, मला काम करायची परवानगी नाही."

"ते सरकारला सांग. मी गल्लीसाठी विचारतोय."

मला एकदम रडू फुटलं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते, वकिलाचे फोन आले तेव्हाही नाही. घर त्याच्या नोकरीवर चालतं, म्हणून घरातली काळजीही त्याचीच, बातमीही त्याचीच, हे मी इतकं धरून चालले होते की माझीही नोकरी गेली आहे, त्याच्या आधी चार वर्षं, हे कुणाला सांगायचं असतं ते मला सुचलंच नव्हतं. लाहोरच्या बाईने माझ्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं आणि स्वतःचं तोंड पुसलं.

"लिहा," मी म्हटलं.